त्सो मोरिरी: जायच्या आधी सगळे विचारतात ते प्रश्न

दोनदा जाऊन आले, आणि तेव्हापासून एप्रिल उजाडला की फोन सुरू. मावसबहिणीची जाऊ, ऑफिसातल्या कुणाचा तरी मित्र, सोसायटीतले काका. प्रश्न तेच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्रम बिम काही लावलेला नाही, लोकांनी जसं विचारलं तसं आहे.

हे नक्की आहे कुठे? पँगाँगच ना ते?

नाही. पँगाँग वेगळं, ते "थ्री इडियट्स" सिनेमातलं. त्सो मोरिरी लडाखमध्येच आहे पण लेहच्या आग्नेयेला, चांगथांग नावाच्या पठारावर, रुपशू भागात. चांगथांग हे खरं तर तिबेटच्या पठाराचंच शेपूट, आपल्या हद्दीत आलेलं. लडाखीत त्सो म्हणजे तळं, ला म्हणजे खिंड आणि चू म्हणजे पाणी किंवा नदी, एवढे तीन शब्द पाठ केले तरी नकाशा निम्मा कळतो. आणि "त्सो मोरिरी लेक" म्हणू नका, ते "लेक तळं" होतं. आम्ही सगळे म्हणतो ते सोडा.

किती उंचावर आहे?

४,५२२ मीटर. आकडा ऐकून काही वाटत नाही म्हणून मी असं सांगते, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, तर पावणेतीन कळसूबाया एकावर एक रचल्या की तळ्याचा काठ येतो. काठ हं, डोंगर नाही. डोंगर तिथून पुढे सुरू होतात, आणि पूर्वेकडचे चामसेर कांगरी आणि लुंगसेर कांगरी हे दोन्ही साडेसहा हजाराच्या वर आहेत.

तळं साधारण २६ किलोमीटर लांब, रुंदी सगळ्यात जास्त तिथे पाचेक किलोमीटर, आणि खोली १०५ मीटरपर्यंत. आख्खं भारतात आहे. पँगाँग तिबेटात घुसतं, हे नाही.

पाणी गोड की खारं?

मचूळ. खारट म्हणावं इतकं नाही आणि पिण्यासारखंही नाही. कारण सोपं आहे, पाणी आत येतं पण बाहेर जात नाही. उत्तरेकडून आणि नैऋत्येकडून बर्फ वितळलेले ओहोळ आणि झरे येऊन मिळतात, पूर्वी दक्षिणेकडून पाणी वाहून जायचं, ती वाट केव्हाच बंद झाली. आता पाणी फक्त वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. जवळच्या त्सो कारमध्ये हेच इतकं झालंय की काठावर पांढरी मिठागरं दिसतात आणि चांगपा लोक, म्हणजे इथले भटके मेंढपाळ, पूर्वी तिथलं मीठ नेऊन विकायचे. तिथे चढावर एकावर एक आडव्या रेघा दिसतात ना, पायऱ्यांसारख्या, त्या जुन्या काठाच्या खुणा. तळं कुठवर होतं आणि कुठवर आटलं ते डोळ्यांनी मोजता येतं.

हे जिथे ओहोळ येऊन मिळतात ना, तिथली दलदल फार महत्त्वाची. आपल्याला ते नुसतं हिरवं गवत वाटतं आणि "अरे वा, तंबू टाकायला मस्त" असं वाटतं. तिथेच पक्ष्यांची घरं असतात. पुढे बोलते त्यावर.

पँगाँग करू की त्सो मोरिरी? दोन्हीला वेळ नाही.

हे विचारू नका हो, मी निःपक्षपाती नाहीये. फोटो आणि गर्दी आणि पिवळी स्कूटर आणि तीन रंगांच्या खुर्च्या हव्या असतील तर पँगाँग. तेही सुंदरच आहे, खोटं कशाला बोलू. पण सकाळी उठून दोन तास कुणाशी न बोलता बसायचं असेल, पक्षी बघायचे असतील, तर हे. आणि फक्त एक रात्र असेल आणि ती पण आठ तास गाडीत हाल काढून, तर दोन्ही नको, लेहलाच राहा, छान जेवा.

कधी जावं?

जूनचा दुसरा आठवडा ते सप्टेंबर संपेपर्यंत. जूनच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत पक्ष्यांची पिल्लं असतात. सप्टेंबरात हवा काचेसारखी स्वच्छ पण रात्री पाणी गोठतं. आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो तेव्हा खिडकीत ठेवलेली बिसलेरी सकाळी दगड झालेली होती, वर आणि बाटली फुगून वाकडी. जानेवारी ते मार्च आख्खं तळं गोठतं. तेव्हा जाणारेही असतात. मी त्यातली नाही.

आपल्याकडे पावसाळा असतो म्हणून तिकडेही असेल असं वाटतं लोकांना. लडाख पर्जन्यछायेत आहे, हिमालय ढग अडवतो, जसा सह्याद्री माण-खटावचे अडवतो तसंच पण शंभरपट. तरी हल्ली जुलै-ऑगस्टमध्ये एखादा जोराचा पाऊस होऊन रस्ता वाहून जातो, तेव्हा एक दिवस हातचा ठेवा.

रस्ता कसा आहे, किती वेळ लागतो?

लेहहून साधारण २२० ते २४० किलोमीटर, कुठल्या वाटेने जाता त्यावर. सात-आठ तास धरा. लेह, कारू, उपशी, मग सिंधू नदीच्या काठाकाठाने चुमाथांग, माहे पूल, तिथून नदी सोडून उजवीकडे आत सुमदो, नामशांग ला, आणि कोरझोक. कोरझोक म्हणजे तळ्याकाठचं एकमेव गाव, राहायचं तिथेच.

सिंधू नदी उपशीपासून माहेपर्यंत सोबत असते आणि हा भाग मला तळ्याइतकाच आवडतो. शाळेत "सिंधू संस्कृती" घोकलेली असते आणि ती अशी गाडीच्या खिडकीत हिरवीगार वाहत असते. चुमाथांगला गरम पाण्याचे झरे आहेत, नदीच्या काठावर वाफा निघताना दिसतात, तिथे जेवायला थांबतात सगळे. राजमा-चावल खा, जास्त खाऊ नका.

सुमदोहून एक फाटा पुगाला जातो. तिथे जमिनीतून गंधकाचा वास आणि उकळतं पाणी येतं, आणि या उष्णतेवर वीज करायचा प्रकल्प २०२१ पासून हातात घेतलाय. परत येताना हीच वाट धरा, पुगा, पोलोकोंगका ला, त्सो कार, तांगलांग ला, आणि लेह. म्हणजे गेलेल्या रस्त्याने परत यावं लागत नाही.

एक गंमत. नामशांग ला उतरलं की एक निळंभोर तळं दिसतं आणि गाडीतले सगळे ओरडतात आलं आलं. ते नाही. ते क्यागर त्सो. आमच्या गाडीत तर दोघांनी स्टेटसपण टाकायला घेतलं होतं, नेटवर्क नव्हतं म्हणून अब्रू वाचली.

परमिट लागतं का?

भारतीयांसाठी इनर लाइन परमिटची, म्हणजे सीमेजवळच्या भागात जायच्या परवानगीची, अट ऑगस्ट २०२१ मध्ये काढली. पण पर्यावरण शुल्क वगैरे ऑनलाइन भरावं लागतं आणि त्याची पावती लागते, आणि माहे पुलाजवळ चौकी आहे तिथे ओळखपत्र बघतात. नियम सारखे बदलतात, निघायच्या आठवड्यात हॉटेलवाल्याला विचारा. प्रत्येकाच्या आधारच्या चार झेरॉक्स ठेवा, मोबाईलमधला फोटो दाखवून वाद घालण्यात अर्धा तास जातो.

अमेरिकेतला भाऊ, जर्मनीतली मुलगी असं कुणी सोबत असेल तर नीट वाचा. परदेशी पासपोर्ट असेल तर संरक्षित क्षेत्राचं परमिट लागतं आणि ते लेहच्या नोंदणीकृत एजंटकडूनच काढावं लागतं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) आहे, मराठी बोलतो, पुरणपोळी खातो, काही उपयोग नाही, परमिटसाठी तो परदेशीच.

उंचीचा त्रास खरंच होतो का? आम्ही ट्रेकर आहोत.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि सगळ्यात कमी ऐकलं जाणारं उत्तर.

हो. होतो. ट्रेकर असण्याचा काही संबंध नाही. राजगड पळत चढणाऱ्याला होतो आणि पान खाऊन बसणाऱ्या काकांना होत नाही, आधी सांगता येत नाही. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्के राहतो, म्हणजे तुम्ही तेवढाच श्वास घेता आणि ऑक्सिजन जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त मिळतो. कोरझोकला बुटाची नाडी बांधून उभं राहिलं तरी धाप लागते.

पहिल्या वेळी आम्ही पुण्याच्याच एका एजंटकडून पॅकेज घेतलं होतं. विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी साइटसीइंग, तिसऱ्या दिवशी सकाळी थेट त्सो मोरिरी. मी विचारलं होतं की एवढ्या लवकर चालेल का, तर म्हणाले मॅडम सगळे जातात. आमचे भावजी, म्हणजे मोठे दीर, गडी माणूस, दोनदा पंढरीची वारी पायी केलेला. संध्याकाळी चहा घेतला आणि म्हणाले डोकं जरा जड आहे. रात्री नऊला उलटी. अकराला परत उलटी. एकच्या सुमारास बघितलं तर उठून उभे राहिले आणि सरळ रेषेत चालता येईना, दाराऐवजी भिंतीकडे चालले. तेव्हा ड्रायव्हर, जो लडाखी मुलगा होता आणि आमच्यातला एकमेव शहाणा माणूस होता, तो म्हणाला सकाळची वाट बघायची नाही, आत्ता खाली. रात्री दीडला गाडी काढली, आणि चुमाथांगला पोचेपर्यंत, म्हणजे पाचसहाशे मीटरच खाली हो, भावजी स्वतःच्या पायाने उतरले आणि बिस्किट मागितलं. त्या वेळी तळं काही बघून झालं नाही. मी परत गेले ती यासाठीच.

तर करायचं काय. विमानाने लेहला, ३,५०० मीटरवर उतरल्यावर दोन रात्री नुसतं झोपायचं, पाणी प्यायचं, बाजारात पण हळूहळू. मग नुब्रा खोरं, ते लेहपेक्षा खाली आहे. त्सो मोरिरी सगळ्यात शेवटी, पाचव्या-सहाव्या दिवशी. दारू नको. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची असेल तर निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून, व्हॉट्सॅपवर वाचून नाही, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर अजिबात नाही. साधी डोकेदुखी बऱ्याच जणांना होते, पण उलट्या, तोल जाणं, बडबडणं, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला असेल तर उतरायचं. ऑक्सिजनचा छोटा डबा ही तात्पुरती मलमपट्टी आहे, त्याच्या भरवशावर रात्र काढू नका.

आई सत्तरीची आहे, नेऊ का? आणि तीन वर्षांचं बाळ?

आईच्या डॉक्टरांना विचारा, बीपी आणि हृदयाचं काही असेल तर मी तरी नेणार नाही. बाळाला "डोकं दुखतंय" सांगता येत नाही, ते नुसतं रडतं आणि आपल्याला वाटतं भूक लागली. कोरझोकहून धड हॉस्पिटल म्हणजे लेह. बघा तुम्हीच.

राहायचं कुठे? खायला काय मिळतं?

गावात होमस्टे आहेत, आणि सीझनमध्ये तंबूंचे कॅम्प. मी होमस्टे सांगेन. खोल्या साध्या, पण जाड रजया, आणि स्वयंपाकघरात चूल पेटलेली असते तिथेच सगळे बसतात. घरमालकिणीला "आमा-ले" म्हणायचं, आमा म्हणजे आई आणि ले म्हणजे आपल्या "जी"सारखं. कुणालाही कधीही "जुले" म्हणा, नमस्कार, निरोप, आभार, सगळं त्यातच.

थुकपा (नूडल्सचं सूप), स्क्यू (कणकेच्या गोळ्यांचा रस्सा), डाळ-भात, मॅगी. लोणी-मिठाचा गुडगुड चहा एकदा घेऊन बघा, चहा समजून घेतला तर घशाखाली उतरत नाही, सूप समजून घेतला तर छान लागतो. तिथे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय भात शिजत नाही. आमच्या आमा-लेंनी राजम्याला इतक्या शिट्ट्या काढल्या की मोजायचं सोडलं, आणि मी पुण्याहून आणलेल्या चिवड्याची पिशवी फुगून उशीएवढी झालेली बघून त्यांच्या नातीला फार मजा वाटली. ती फोडली तेव्हा फट्टकन आवाज आला आणि चिवडा सगळ्या खोलीत.

संडास बऱ्याच घरांत कोरडा, लडाखी पद्धतीचा. भोक असलेली खोली, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं, झालं की माती लोटायची. वास येत नाही. पाणी ओतू नका त्यात, बिघडतं ते.

नेटवर्क, एटीएम, पेट्रोल?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. कोरझोकला नेटवर्क असलं तर असलं. एटीएम नाही, रोख न्या. टाकी लेहला किंवा कारूला फुल्ल करा, त्यापुढे पंपाच्या भरवशावर राहू नका. बाइकवाल्यांनी लक्षात ठेवा, मनालीहून भाड्याने आणलेली बाइक लेहच्या पुढे फिरवू देत नाहीत, लेहमध्येच घ्यावी लागते. स्वतःची एमएच पासिंगची असेल तर प्रश्न नाही.

कुठले प्राणी दिसतात? हिमबिबट्या दिसेल का?

हिमबिबट्या नाही दिसणार. आहे तो त्या डोंगरांत, पण उन्हाळ्यात गाडीतून दिसला तर लॉटरीचं तिकीट काढा.

क्यांग मात्र जवळजवळ नक्की दिसतं. तिबेटी रानगाढव, पण गाढव म्हणावंसं वाटत नाही इतकं देखणं, वरून तांबूस, पोट आणि पाय पांढरे, जसं कुणी अर्धं चुन्यात बुडवून काढलंय. पुगापासून त्सो कारपर्यंत माळावर कळप असतात. त्यांची एक सवय आहे, गाडी दिसली की शेजारून समांतर पळतात, शर्यत लावल्यासारखे, आणि मग अचानक पुढून रस्ता ओलांडतात. आपल्या लोकांना वाटतं खेळतंय आणि गाडी माळावर घालून पाठलाग करतात. एवढ्या विरळ हवेत त्या जनावराची पण दमछाक होते, आणि चाकाखाली जे चार बोटं गवत उगवायला वर्षं गेलेली असतात ते एका फेरीत जातं. नका करू.

मार्मोट दिसतील, गुबगुबीत, बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभे, शिट्टीसारखा आवाज काढतात. वर्षातले सहाएक महिने ते बिळात झोपूनच काढतात आणि उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर जगतात. ही चरबी गवताची हवी, पार्ले-जीची नको. बिस्किटं भरवतानाचे रील्स बघितले की मला आमच्या किल्ल्यांवरची माकडं आठवतात.

याशिवाय लोकरी ससा, पिका (सशाचा छोटा, उंदरासारखा दिसणारा नातलग), कोल्हा, नशीब असेल तर न्यान म्हणजे जंगली मेंढ्यांतला सगळ्यात थोराड, आणि लांडगा. लांडग्याला तिकडे शांकू म्हणतात आणि मेंढपाळांचं त्याच्याशी वैर आहे. वाटेत कुठे दगडांचा गोल, विहिरीसारखा, वर अरुंद होत गेलेला खड्डा दिसला तर ती जुनी लांडगा धरायची सापळ्याची जागा. आत आमिष ठेवायचे, लांडगा उडी मारायचा, आणि बाहेर येता यायचं नाही. आता बऱ्याच ठिकाणी लोकांनी ते बंद केलेत, त्यातला दगड काढून लांडग्याला वाट करून दिलीय.

पक्षी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?

कारण ते आपलेच आहेत! म्हणजे हिवाळ्यातले पाहुणे आपल्याकडचे, पण त्यांचं माहेर इकडे.

जानेवारीत भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, नावाडी दाखवतात तो पट्टकदंब, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, राजहंस म्हणतात बरेच जण. तो इथे त्सो मोरिरीवर अंडी घालतो. भारतात या पक्ष्याची वीण लडाखच्या तळ्यांवरच होते. तळ्यात छोटी बेटं आहेत, कोल्हा-कुत्रा पोचत नाही अशी, तिथे घरटी करतात. भिगवणला बघितलेला नेमका तोच पक्षी असेल असं नाही, तिबेट-मंगोलियाकडचेही आपल्याकडे येतात, पण जात तीच. आणि हे हिमालय ओलांडून येतात. अंगावर यंत्र लावून मोजलं तेव्हा एक पट्टकदंब ७,२९० मीटरपर्यंत गेलेला आढळला. त्यांचं रक्तच वेगळं असतं, हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, शिवाय ते सरळ उंच जाऊन राहत नाहीत, डोंगराच्या चढउताराप्रमाणे वरखाली होत उडतात, ताकद वाचते. आमच्या भावजींना हे सांगितलं तर म्हणाले पुढच्या जन्मी.

चक्रवाकही तसाच. केशरी रंगाचा, संस्कृत काव्यात रात्री जोडीदारापासून ताटातूट होणारा. जायकवाडीला, नांदूर मध्यमेश्वरला थंडीत असतो, आणि इथे जुलैत आठ-नऊ पिल्लांची रांग घेऊन आमच्यासमोरून चाललेला. आवाज तोच, तो "आंग आंग" असा, डोळे मिटले असते तर मी निफाडात आहे असं वाटलं असतं. तपकिरी डोक्याचा कुरव (सीगल) पण तोच, जो कोकणच्या किनाऱ्यावर दिसतो.

रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी, हा शब्द नांदूर मध्यमेश्वरमुळे आपल्याकडे माहीत झाला, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते. त्सो मोरिरीला हा दर्जा ऑगस्ट २००२ मध्येच मिळाला, आणि त्सो कारला २०२० मध्ये. म्हणजे एकाच पक्ष्याचं उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं, दोन्ही घरं यादीत.

आणि तो काळ्या मानेचा क्रौंच?

हा लडाखचा राज्यपक्षी. उंची साधारण आठवी-नववीतल्या मुलाच्या छातीपर्यंत ते खांद्यापर्यंत, राखाडी अंग, काळी मान, डोक्यावर लाल टिकली. भारतात फक्त लडाखमध्ये वीण करतो. मार्चच्या शेवटी-एप्रिलमध्ये येतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो. एका वेळी दोन अंडी, आणि बऱ्याचदा एकच पिल्लू वाढतं. जोडी आयुष्यभराची. दलदलीत घरटं करतो म्हणून मी वर गवतावर तंबू नको म्हणाले.

दिसायला त्सो कार, पुगा आणि हानले जास्त खात्रीचे. दुर्बीण न्या. शंभर मीटरच्या आत जायचा प्रयत्न करू नका, पक्षी मान वर करून टक लावून बघायला लागला की समजा आपण फार जवळ आलोय, मागे फिरा.

त्याचा आजचा सगळ्यात मोठा शत्रू कोण माहितीये? लांडगा नाही, भटकी कुत्री. तंबू आणि चौक्यांभोवतीच्या उष्ट्यावर कुत्री वाढली, आणि हिवाळ्यात कॅम्प बंद झाले की ती उपाशी. मग अंडी, पिल्लं, कोकरं, मार्मोट, काहीही. आपण टाकलेलं अर्धं सँडविच कुठे जाऊन पोचतं बघा. कचरा लेहपर्यंत परत आणा, प्लास्टिक तर आणाच.

तिथे राहतात कोण? एवढ्या थंडीत?

चांगपा. याक, मेंढ्या आणि चांगरा बकऱ्या घेऊन वर्षात अनेकदा जागा बदलणारे. याकच्या केसांचा काळा तंबू, त्याला रेबो म्हणतात, धूर जातो आणि पाऊस आत येत नाही. पश्मिना ती याच बकऱ्यांची. उणे तीसच्या थंडीत त्यांना केसांखाली जी मऊ लव येते ती वसंतात विंचरून काढतात, कापत नाहीत. एका बकरीची वर्षाला जेमतेम पाव किलो, आणि ती साफ केली की अजून कमी. त्यामुळे लेहच्या फुटपाथवर आठशे रुपयांना "प्युअर पश्मिना" मिळाली तर खुशाल घ्या, छान असते, फक्त पश्मिना नसते.

तरुण मुलं आता लेहला जातात, शाळा, लष्कराची कामं, टॅक्सी. आमचा ड्रायव्हर त्यातलाच. म्हणाला, बकऱ्या वडिलांकडे आहेत, माझ्याकडे इनोव्हा आहे, दोन्हीला चारा लागतो.

कोरझोकला तळ्याशिवाय बघायला काय?

गोंपा म्हणजे बौद्ध मठ आहे, द्रुक्पा परंपरेचा, आत्ताची इमारत एकोणिसाव्या शतकातली. जुलै-ऑगस्टमध्ये तिबेटी पंचांगाप्रमाणे कोरझोक गुस्तोर होतो, दोन दिवस, लामा मुखवटे घालून नाचतात, त्याला छम म्हणतात. चांगपा लांबून येतात, नटूनथटून, तेव्हा गावात खोली मिळत नाही. गावाजवळ जवाची छोटी शेतं आहेत, जगातल्या सगळ्यात उंच शेतांत त्यांची गणती होते. स्तूप आणि मणी-भिंतीला उजवी घालून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखं, आणि वरचा कोरलेला दगड घरी आणायचा नाही. सांगावं लागतं म्हणून सांगतेय.

पोहता येतं का? बोटिंग? गाडी काठापर्यंत? ड्रोन?

नाही, नाही, नाही, आणि नाही. २०२२ मध्ये पँगाँगच्या पाण्यात गाडी घालून टेबल मांडून बसलेल्यांचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. तसलं काही इकडे करायचं असेल तर कृपया मला विचारलं होतं असं कुणाला सांगू नका. ड्रोनचं म्हणाल तर सीमा जवळ आहे, परवानगीशिवाय उडवलं तर आधी तुमची चौकशी होईल, फोटो नंतर.

काका म्हणतात तिथले दगड खास आहेत?

काका बरोबर आहेत, हा प्रश्न आमच्या भूगोलवाल्या काकांनी स्वतःच विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं. भारताचा भूखंड आशियाला धडकला तेव्हा इकडची कड खाली घुसली, साधारण नव्वद-शंभर किलोमीटर खोल, आणि नंतर परत वर आली. पुरावा काय, तर इथल्या खडकात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. आहे ते गारगोटीचंच भावंडं, पण एवढ्या प्रचंड दाबाखालीच तयार होतं. ही उलथापालथ साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा कातळ तोवर थंड होऊन बसलेला होता. जगभरचे भूशास्त्रज्ञ यासाठी इकडे येतात. आपण "दगड काय बघायचे" म्हणतो.

फोटो कधी चांगले येतात?

सकाळी. दुपारनंतर वारा सुटतो, लाटा येतात, समुद्रासारखा आवाज. सकाळी सहा ते आठ पाणी सपाट, डोंगर उलटा दिसतो. बॅटरी थंडीत भराभर उतरते, रात्री ती रजईत घेऊन झोपा. सनस्क्रीन, गॉगल, ओठांना लावायला काहीतरी, नाहीतर दुसऱ्या दिवशी बोलताना ओठ फाटतात. हसता पण येत नाही.

चालत जाता येतं का?

येतं. रुमत्सेहून त्सो कारमार्गे कोरझोक आठेक दिवस. किंवा स्पितीतल्या किब्बरहून परांग ला ओलांडून, ती खिंड साडेपाच हजाराच्या वर आहे आणि पलीकडे हिमनदीवरून उतरावं लागतं, मग पारे चूच्या काठाने तळ्याच्या दक्षिण टोकाला. पूर्वी व्यापारी याच वाटेने यायचे. हे मी केलेलं नाही. भाचा करून आला, दहा दिवसांत सहा किलो उतरला आणि आता वडापाव बघितला की डोळ्यांत पाणी येतं.

आम्हाला ऑक्टोबरच्या दिवाळी सुट्टीशिवाय जमत नाही. पक्षी दिसतील का?

बहुतेक निघून गेलेले असतील. क्रौंच एखादी जोडी असेल, पट्टकदंब थोडे मागे राहिलेले. थंडी कडाक्याची, आणि होमस्टे अर्धे बंद. फोन करून मगच जा.

किंवा असं करा, यंदा लडाख राहू द्या. डिसेंबरच्या शेवटी भिगवण गाठा, पुण्याहून शंभरेक किलोमीटर. पहाटे साडेसहाला धक्क्यावर या, स्वेटर घाला, नाव आधी ठरवून ठेवा, आणि नावाड्याला म्हणा फ्लेमिंगो नंतर, आधी राजहंसांकडे घ्या. ते बहुतेक काठावरच्या हरभऱ्यात चरत असतात.